एका छत्रीवर चार खोल्यांतले टीव्ही: स्प्लिटर का चालत नाही आणि त्याऐवजी काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. गच्चीवर उपग्रह टीव्हीची एक छत्री आणि बैठकीच्या खोलीत एक सेट-टॉप बॉक्स, हे सुरळीत चालू होते. पुढे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणि तळमजल्यावर आईवडिलांच्या खोलीत टीव्ही हवा झाला, म्हणून प्रश्नकर्त्यांनी गच्चीवरून येणारी केबल एका केबलचे चार फाटे करणाऱ्या चार तोंडांच्या स्प्लिटरला जोडली आणि प्रत्येक खोलीत बॉक्स बसवला. तेव्हापासून वरच्या खोलीत काही वाहिन्या दिसतात, तर काहींवर ‘सिग्नल नाही’ अशी सूचना येते. वर कोणी वाहिनी बदलली की बैठकीतले चित्र जाते. बैठकीतला बॉक्स रिमोटने बंद केला तरी फरक पडत नाही, मात्र त्याचा प्लग काढला की वरच्या खोलीत सगळ्या वाहिन्या येतात. सिग्नल चार ठिकाणी वाटला गेल्यामुळे कमजोर झाला असावा असा त्यांचा तर्क आहे आणि कोणता अँप्लिफायर घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

अँप्लिफायर घेऊ नका, हे आधीच सांगतो, कारण उत्तर तुमच्याच निरीक्षणात आहे. सिग्नल नुसता कमजोर झाला असता, तर दुसऱ्या खोलीतल्या बॉक्सचा प्लग काढल्याने तो सुधारला नसता. स्प्लिटर चार वाटे करतो ते बॉक्स चालू असोत वा बंद, आणि त्यातला तोटा दोन्ही वेळा सारखाच राहतो. प्लग काढल्यावर फरक पडतो याचा अर्थ एक बॉक्स दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करतो आहे. तेव्हा तुमचा खरा प्रश्न सिग्नल वाढवण्याचा नसून, चार बॉक्सना एकमेकांच्या आड न येता आपापली मागणी छत्रीपर्यंत कशी पोहोचवता येईल, हा आहे.

छत्रीची केबल म्हणजे पाण्याची नळवाहिनी, वरून सगळे येते आणि खाली हव्या तितक्या तोट्या लावता येतात, अशी बहुतेकांची समजूत असते. गच्चीवरच्या साध्या अँटेनाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. उपग्रहाच्या केबलमधून मात्र सिग्नल खाली येत असतानाच खालून वर हुकूमही जात असतात. घरगुती सेवांसाठीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि तो साधारणपणे १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ या केयू पट्ट्यात प्रक्षेपण करतो. एवढी मोठी वारंवारिता घरातल्या केबलमधून खाली उतरवणे व्यवहार्य नसते, म्हणून छत्रीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडून त्याची वारंवारिता उतरवणारा नग, ती ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर आणून देतो. अडचण इथेच सुरू होते. मूळ पट्टा सुमारे २,०५० मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि तोही उभ्या व आडव्या अशा दोन ध्रुवीकरणांत, म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दोन दिशांत, दोनदा वापरलेला आहे, तर केबलमध्ये जागा आहे १,२०० मेगाहर्ट्झची. सगळे एका वेळी मावत नाही, म्हणून युनिव्हर्सल प्रकारच्या एलएनबीत त्याचे चार भाग केलेले असतात: उभा खालचा, आडवा खालचा, उभा वरचा आणि आडवा वरचा.

यातला कोणता भाग खाली पाठवायचा, हे बॉक्स ठरवतो. तो केबलवर १३ व्होल्ट ठेवतो तेव्हा एलएनबी उभे ध्रुवीकरण देतो, १८ व्होल्ट ठेवतो तेव्हा आडवे. आणि त्याच दाबावर २२ किलोहर्ट्झचा बारीक सूर चढवला की खालच्या पट्ट्याऐवजी वरचा पट्टा मिळतो. काही सेवा वर्तुळाकार ध्रुवीकरण वापरतात. तिथे १३ व्होल्टला उजवे आणि १८ व्होल्टला डावे ध्रुवीकरण मिळते, बाकी तत्त्व तेच. तुम्ही रिमोटवर आकडा दाबता तेव्हा बॉक्स बहुधा आधी हा दाब आणि सूर बदलतो आणि मगच त्या वाहिनीचा शोध घेतो.

आता तुमच्या स्प्लिटरकडे पाहू. त्याच्या चारही तोंडांतून वीज वर जाऊ शकते, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. बैठकीतला बॉक्स १८ व्होल्ट पाठवत असेल आणि वरच्या खोलीतला १३, तर एलएनबीपर्यंत पोहोचतो तो जास्तीचा दाब, म्हणजे १८. वरच्या बॉक्सला त्या क्षणी फक्त आडव्या ध्रुवीकरणातल्या वाहिन्या सापडतात आणि उभ्यातल्या ‘सिग्नल नाही’ म्हणून निघतात. उलट बैठकीत उभ्या ध्रुवीकरणातली वाहिनी चालू असताना वर कोणी आडव्यातली लावली, की बैठकीतले चित्र गेलेच. सुराचेही तसेच, एकाने जरी तो पाठवला तरी तो सगळ्यांच्या माथी बसतो. रिमोटने बंद केल्यावर फरक का पडत नाही, याचे कारण असे की बरेच बॉक्स विश्रांतीच्या अवस्थेतही एलएनबीला वीज देतच राहतात. कार्यक्रमांचे वेळापत्रक आणि स्वतःचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्यासाठी त्यांना ती लागते. म्हणून असा दोष तपासताना मी नेहमी प्लगच काढायला सांगतो.

स्प्लिटर कधीच चालत नाही असे मात्र नाही. तुमच्या सेवेच्या सगळ्या वाहिन्या चारांपैकी एकाच भागात बसत असतील, तर सगळ्या बॉक्सची मागणी एकच असते आणि भांडणाचे कारणच उरत नाही. काही सेवा खरोखर अशा असतात. बॉक्सच्या सेटिंगच्या यादीत ट्रान्सपाँडरची, म्हणजे उपग्रहावरून वाहिन्यांचा एकेक गट पाठवणाऱ्या प्रक्षेपकांची, माहिती दिसत असेल, तर प्रत्येक वारंवारितेपुढे ध्रुवीकरणाचे अक्षर असते. ते सगळीकडे एकच असेल आणि सगळ्या वारंवारिता ११.७ गिगाहर्ट्झच्या एकाच बाजूला असतील, तर साधा स्प्लिटर पुरतो. अट इतकीच की त्यावर ५ ते २३०० किंवा २४०० मेगाहर्ट्झ असा पट्टा छापलेला असावा. केबल टीव्हीसाठी मिळणारा ५ ते १००० मेगाहर्ट्झचा स्प्लिटर उपग्रहाच्या बहुतेक सगळ्या पट्ट्याला आडवा येतो. वीज एकाच तोंडातून जाऊ देणारा स्प्लिटर लावला असेल, तर त्या तोंडावरच्या बॉक्सचा प्लग कायम लावलेला ठेवावा लागतो, नाहीतर बाकीच्या खोल्या अंधारात जातात. तुमच्या घरी जे घडते आहे त्यावरून तुमची सेवा या सोप्या गटात मोडत नाही, हे उघड आहे.

अँप्लिफायरचा मुद्दा आकड्यांनी संपवतो, कारण तो मोह पुन्हा पुन्हा होतो. नीट रोखलेल्या छत्रीवरचा एलएनबी साधारणपणे ७० ते ८० डेसिबल मायक्रोव्होल्ट इतकी पातळी देतो. छत्रीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या आरजी-६ केबलमध्ये २१५० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे ३० डेसिबल तोटा होतो, म्हणजे ३० मीटरच्या केबलला साधारण ९. चार तोंडांच्या स्प्लिटरचे आणखी ८ ते १० धरा. एलएनबीची पातळी ७५ मानली, तर सगळी वजाबाकी करूनही बॉक्सपाशी ५६ च्या आसपास उरते आणि बॉक्सच्या तोंडाशी ४७ ते ७७ या दरम्यानची पातळी योग्य मानली जाते. म्हणजे तुमच्याकडे सिग्नल पुरेसा आहे. त्यातून अँप्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो, त्यामुळे बॉक्सच्या पडद्यावर ‘पातळी’चा पट्टा लांब होतो आणि ‘गुणवत्ते’चा पट्टा जागचा हलत नाही. चित्र दिसते ते गुणवत्तेवर. पावसात चित्र तुटत असेल तर छत्री पुन्हा रोखावी किंवा मोठी घ्यावी. अँप्लिफायरची जागा फक्त फार लांब केबलमध्ये आहे, आणि तिथेही तो टीव्हीजवळ न लावता एलएनबीच्या बाजूला, सिग्नल अजून ताजा असतानाच लावायचा असतो.

पुढचा निर्णय घेण्यापूर्वी घरात एक गोष्ट ठरवून घ्या: एकाच वेळी किती वेगवेगळ्या वाहिन्या पाहायच्या आहेत? खोल्या किती, हा प्रश्न त्यानंतरचा. दोन खोल्यांत नेहमी एकच कार्यक्रम पाहिला जाणार असेल, तर तिथे उपग्रहाचा सिग्नल नेण्याची गरजच नाही. एका बॉक्सचे एचडीएमआय चित्र दोन टीव्हींना दिले की झाले. लांब अंतरासाठी हेच चित्र संगणक जाळ्याच्या कॅट-६ केबलवरून नेणारी जोडयंत्रे मिळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच संचांत दूरच्या खोलीतल्या रिमोटची खूण बॉक्सपर्यंत परत नेण्याचीही सोय असते. मर्यादा दोन आहेत. वाहिनी सगळीकडे एकच राहते, आणि बॉक्स, वाटणीचे यंत्र व टीव्ही यांच्यात नक्कलरोधक संकेताची जी बोलणी चालतात ती जुन्या टीव्हीशी कधीकधी जुळत नाहीत, मग पडदा काळा राहतो. तरीही तुमच्या आईवडिलांच्या खोलीत बैठकीतलाच कार्यक्रम चालणार असेल, तर हा मार्ग विचारात घ्या. त्यात एक बॉक्स आणि त्याची वर्गणी दोन्ही वाचते.

वर्गणीचा विषय निघालाच आहे तर इथेच सांगून ठेवतो. पुढे सांगितलेल्या कोणत्याही मार्गाने सिग्नल चार खोल्यांत पोहोचला, तरी सशुल्क वाहिन्या त्या त्या बॉक्सच्या अधिकारपत्राशिवाय उघडत नाहीत. प्रत्येक बॉक्सला स्वतःचे कार्ड किंवा नोंदणी लागते. ही व्यवस्था तारांनी सोडवण्याची नाही आणि तसे सुचवणाऱ्याच्या नादी लागू नका.

प्रत्येक खोलीत स्वतंत्र वाहिनी हवी असेल, तर चार टीव्हींसाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे क्वाड एलएनबी. त्याला चार तोंडे असतात आणि प्रत्येक तोंड आपल्या केबलवरचा हुकूम स्वतंत्रपणे पाळते, त्यामुळे एका खोलीत १८ व्होल्ट आणि शेजारी १३ असे सुखाने नांदतात. छत्री तीच राहते, फक्त टोकाचा नग बदलतो. मात्र गच्चीपासून प्रत्येक खोलीपर्यंत सलग, मध्ये न तोडलेली केबल हवी. भिंतीत आधीच असलेली जुनी अँटेनाची तार बहुधा एका खोलीतून दुसरीत आणि तिथून तिसरीत अशी साखळीने फिरवलेली असते. ती इथे निरुपयोगी आहे. दोन कार्यक्रम एकाच वेळी मुद्रित करू शकणारा दोन ट्यूनरचा बॉक्स असेल, तर त्याला एकट्यालाच दोन केबली लागतात, हेही मोजणीत धरा. आठ तोंडांचा ऑक्टो एलएनबीही मिळतो, पण मला तो फारसा आवडत नाही. तोंडे इतकी दाटीवाटीने असतात की सातवा कनेक्टर पिळताना दुसरा ढिला होतो, आणि इतकी सगळी यंत्रणा ऊन-पावसात उघड्यावर टांगलेली राहते.

टीव्ही चारांपेक्षा जास्त होण्याचा संभव असेल, तर क्वाट्रो एलएनबी आणि त्याखाली मल्टिस्विच ही जोडी घ्या. क्वाट्रोलाही तोंडे चारच, पण ती हुकूम पाळत नाहीत; प्रत्येकातून वर सांगितलेल्या चार भागांपैकी एकेक भाग कायमचा बाहेर येतो. हे चार भाग मल्टिस्विचला मिळतात आणि खालच्या ८, १२ किंवा १६ बॉक्सपैकी ज्याने जे मागितले ते त्याला तो जोडून देतो. पाचव्या तोंडाला साधा अँटेनाही लावता येतो. क्वाड आणि क्वाट्रो यांची नावे जवळजवळ सारखी असल्याने चुकीची वस्तू घरी येण्याचे प्रसंग वरचेवर घडतात. क्वाट्रो थेट बॉक्सना जोडला की प्रत्येक खोलीत वाहिन्यांचा एकेक चतुर्थांशच दिसतो आणि कोणालाच काही कळेनासे होते. उलट क्वाड मल्टिस्विचला जोडला तर तो मल्टिस्विच स्वतः योग्य दाब आणि सूर वर पाठवणारा असेल तरच चालतो, नाहीतर चारही तारांवर तोच एक भाग खाली येतो.

चार टीव्हींनाही मी पुष्कळदा मल्टिस्विचच सुचवतो, त्याचे कारण देखभालीत आहे. बिघडणारा भाग घरात, कोरड्या जागी असतो. तो बदलायला गच्चीवर चढावे लागत नाही आणि नीट रोखलेल्या छत्रीला हात लागत नाही. शिवाय स्वतःचा वीजपुरवठा असलेला मल्टिस्विच घेतला, तर एलएनबीची वीज तोच देतो आणि त्यासाठी खोल्यांतल्या बॉक्सवर विसंबून राहावे लागत नाही. घरभराच्या केबली एका ठिकाणी येत असल्याने दोष शोधणेही सोपे जाते: संशयित खोलीची तार दुसऱ्या तोंडावर लावून पाहिली की दोष तोंडात आहे की तारेत, ते दोन मिनिटांत कळते. एवढी काळजी घ्या की क्वाट्रोच्या चार तारा मल्टिस्विचच्या त्याच नावाच्या तोंडांना जाव्यात. दोन तारांची अदलाबदल झाली की वाहिन्यांचे गटच्या गट गायब होतात आणि दोष छत्रीचा वाटतो.

आता अशी घरे, जिथे चार केबली नेण्याची सोयच नसते. भिंतीतल्या नळीत कशीबशी एक तार जाते आणि फोडाफोड नको असते. त्यांच्यासाठी युनिकेबल ही पद्धत आहे. यात प्रत्येक बॉक्सला केबलमधला स्वतःचा एक ठरावीक पट्टा नेमून दिलेला असतो. बॉक्स आपली मागणी सांकेतिक रूपात वर पाठवतो, एलएनबी ती वाहिनी ज्या ट्रान्सपाँडरवर आहे तेवढाच तुकडा उचलून त्या बॉक्सच्या पट्ट्यात ठेवतो आणि एकाच तारेवरून सगळ्यांचे भागते. ईएन ५०४९४ या मूळ मानकात असे ८ पट्टे आहेत, तर ईएन ५०६०७ या पुढच्या मानकात ३२ पर्यंत. इथे स्प्लिटर वापरायचाच असतो, पण तो सर्व तोंडांतून वीज जाऊ देणारा आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडने तोंडे एकमेकांपासून वेगळी ठेवणारा हवा.

युनिकेबलच्या तक्रारी मला मुख्यतः दोनच प्रकारच्या दिसल्या आहेत. पहिली म्हणजे दोन बॉक्सना एकच पट्टा क्रमांक दिलेला असणे. मग एकाने वाहिनी बदलली की दुसऱ्याचीही बदलते किंवा चित्र गोठते. दुसरी अधिक फसवी आहे. या पद्धतीत बॉक्स एरवी खालच्या दाबावर थांबतो, हुकूम देण्यापुरताच दाब १८ व्होल्टपर्यंत चढवतो आणि लगेच खाली येतो, म्हणजे दुसऱ्याला बोलता येते. तारेवर एखादा जुना, ही पद्धत न जाणणारा बॉक्स असेल आणि तो १८ व्होल्ट धरून बसला, तर बाकीच्यांचे तोंडच बंद होते. म्हणून खरेदीपूर्वी चारही बॉक्स ही पद्धत जाणतात का, हे त्यांच्या माहितीपत्रकात पाहा. सेवा पुरवणाऱ्याने दिलेला बॉक्स कधीकधी फक्त त्याच्याच ठरावीक एलएनबीशी बोलतो. तसे असेल तर निर्णय तुमच्या हातात राहत नाही, त्याच्याकडचीच यंत्रणा घ्यावी लागते.

सिग्नलचे घरातल्या संगणक जाळ्यात रूपांतर करणारे सर्व्हरही आहेत आणि निःशुल्क वाहिन्यांसाठी ते छान चालतात. त्यात ट्यूनर जितके, तितकेच वेगवेगळे ट्रान्सपाँडर एका वेळी मिळतात, आणि तारेचे जाळे असावे, बिनतारी जाळ्यावर चित्र अडखळते. सशुल्क सेवेच्या बॉक्सला मात्र छत्रीच्या केबलच्या एफ कनेक्टरमधूनच सिग्नल हवा असतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत याचा उपयोग थोडा आहे.

इथवरचे सार असे की सगळीकडे एकच कार्यक्रम चालत असेल तर एचडीएमआय, चार स्वतंत्र टीव्ही आणि चार तारांची सोय असेल तर क्वाड, पुढे वाढ होणार असेल किंवा देखभाल सोपी हवी असेल तर क्वाट्रो आणि मल्टिस्विच, आणि एकच तार शक्य असेल तर युनिकेबल.

यंत्र कोणतेही निवडा, प्रत्यक्षात त्रास होतो तो बहुतेक वेळा केबल आणि कनेक्टर यांचा, आणि लोक काटकसर करतात तीही तिथेच. आरजी-६ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ केबलींची मधली तार तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. उच्च वारंवारितेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, त्यामुळे सिग्नलला याने फारसे बिघडत नाही. पण एलएनबीची वीज पूर्ण तारेतून वाहते आणि पोलादाचा रोध तांब्याच्या कित्येक पट असतो. अशा तारेचा मधला गाभा १०० मीटरला साधारण ९ ओम भरतो, भरीव तांब्याचा सुमारे २. समजा ५० मीटरच्या मुलाम्याच्या तारेत, तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीसकट, ७ ओम रोध आहे आणि एलएनबी २०० मिलिअँपिअर घेतो आहे. तर वाटेत १.४ व्होल्ट गळतात आणि १८ चे १६.६ उरतात. एवढ्यावर भागते. पण मध्ये अँप्लिफायर बसवला, एखादा कनेक्टर गंजला, किंवा बॉक्स मुळातच १७ व्होल्ट देत असला, की वर पोहोचणारा दाब १५ च्या जवळ येतो आणि तिथे एलएनबी गोंधळतो. लक्षण ठरलेले असते: सर्वांत लांबच्या खोलीत आडव्या ध्रुवीकरणाच्या वाहिन्या अधूनमधून जातात, उभ्या व्यवस्थित राहतात. म्हणून लांब अंतराला भरीव तांब्याची केबल घ्या. ओळखायला चुंबक पुरतो. मधली तार चुंबकाला चिकटली तर आत पोलाद आहे.

कनेक्टर पिळून बसवण्याचा नको, दाबयंत्राने आवळून बसवण्याचा घ्या. बाहेरचे आवरण काढून जाळी मागे वळवा, जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवत नाही ना हे उजेडात धरून पाहा, आतला पांढरा थर कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट भिडेल इतकी केबल आत सरकवा आणि मधली तार कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर राहील अशी कापा. तो एक केस शिवला तर बॉक्स एलएनबीच्या तारेत शॉर्ट असल्याची सूचना देतो आणि माणसे एलएनबी बदलून बसतात. उघड्यावरच्या प्रत्येक सांध्याला स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळा आणि एलएनबीखाली केबलला एक झोळ द्या, म्हणजे पाणी तारेवरून कनेक्टरकडे न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते. पाणी एकदा जाळीत शिरले की ते केशाकर्षणाने मीटरच्या मीटर आत ओढले जाते. नुसता कनेक्टर बदलून तेव्हा भागत नाही, तो तुकडाच टाकावा लागतो.

जाळी दाट असणेही महत्त्वाचे, कारण केबलमधली ९५० ते २१५० मेगाहर्ट्झची जागा बाहेरच्या जगात रिकामी नाही. मोबाइलचे काही पट्टे त्यात पडतात, आणि अनेक देशांत घरगुती बिनतारी फोनच्या डेक्ट मानकाला १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ दिलेले आहेत. विरळ जाळीच्या केबलजवळ किंवा स्वस्त भिंतीतल्या सॉकेटजवळ असा फोन ठेवला, की इतर सगळे ठीक असताना एखाद-दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरच्याच वाहिन्या तुटतात. एकाच गटाच्या वाहिन्या विनाकारण जाताना दिसल्या तर छत्रीला हात लावण्याआधी त्या परिसरातला फोन दुसऱ्या खोलीत नेऊन पाहा.

सुरक्षिततेचे दोन शब्द टाळता येत नाहीत. एकाच धातूच्या जाळीला चार बॉक्स आणि चार टीव्ही जोडले की प्रत्येकाच्या वीजपुरवठ्यातून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह त्या जाळीवर जमतो आणि सुटा कनेक्टर हातात घेतला की मुंग्या येतात. खोलीत तो नुसता दचकवतो, शिडीवर तोल घालवतो. म्हणून गच्चीवर काम करताना सगळे प्लग काढलेले असावेत. छत्रीचा खांब आणि केबलींच्या जाळ्या घराच्या अर्थिंगला जोडण्याचे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्या. जवळ वीज कोसळली तर चारही बॉक्स एकदम जाण्याचा धोका त्याने कमी होतो, पूर्ण टळतो असे मी म्हणणार नाही.

तुमच्या घरासाठी मी असे करीन. आधी बॉक्स सेवा पुरवणाऱ्याचे आहेत का आणि ते कोणता एलएनबी स्वीकारतात, हे विचारून घेईन. बंधन नसेल तर वरच्या मजल्यावर, जिन्याच्या माथ्याशी किंवा माळ्यावर कोरडी जागा पाहून तिथे ८ तोंडांचा मल्टिस्विच बसवीन. गच्चीवरून तिथवर क्वाट्रोच्या चार तारा, आणि तिथून प्रत्येक खोलीत एक, बैठकीत मात्र दोन. बैठकीतला दुसरा पदर आज मोकळा राहील, पण भिंत एकदा उघडलेली असताना तो टाकून ठेवण्यात शहाणपण आहे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव लिहीन. हे सगळे जास्त वाटत असेल आणि चार तारा गच्चीवरून थेट खोल्यांत सहज उतरत असतील, तर क्वाड लावूनही तुमचे काम चोख होईल. आताचा चार तोंडांचा स्प्लिटर दोन्ही परिस्थितींत काढून टाकायचा आहे; तो कुठेतरी ‘मदतीला’ मध्येच राहिला, तर तोच घोळ पुन्हा सुरू होईल.

काम झाल्यावर तपासणी अशी करा. चारही बॉक्स चालू ठेवा आणि प्रत्येक खोलीत चार भागांपैकी वेगळ्या भागातली वाहिनी लावा, म्हणजे एकीकडे उभी खालची, दुसरीकडे आडवी वरची, असे. मग एका खोलीत भराभर वाहिन्या बदला आणि बाकीच्या तिन्ही ठिकाणी चित्र हलते का, हे कोणाला तरी पाहायला सांगा. शेवटी केबलचा तोटा सर्वांत जास्त होतो त्या वरच्या टोकाच्या ट्रान्सपाँडरवर चारही खोल्यांतले ‘गुणवत्ते’चे आकडे कोरड्या हवेत टिपून ठेवा. एखाद्या खोलीचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली असेल, तर दोष त्या खोलीच्या तारेत किंवा तिच्या दोन टोकांच्या कनेक्टरांत शोधायला सुरुवात करा; सगळ्यांचाच खाली असेल तर छत्रीच्या रोखात.